शेजाऱ्याच्या बरण्या

आयुष्याची तीस वर्षं मी वस्तूंमधलं पाणी काढण्यात घालवली. दुधाची पावडर करणाऱ्या एका कारखान्यात मी ड्रायरचा इंजिनिअर होतो. हवा किती गरम असावी, किती जोरात सोडावी, पावडरीत ओलावा किती उरावा, हे मला विचारून ठरायचं. त्यामुळे रिटायर झाल्यावर कॅनडातल्या मार्कहॅमच्या घरामागे गांजाची चार झाडं लावायची वेळ आली, तेव्हा मला धास्ती वाटली ती लावण्याची. वाळवण्याबद्दल मी निर्धास्त होतो.

वेळ आली ती बायकोमुळे. तिला नागीण झाली होती. फोड सुकून गेले, पण उजव्या बरगडीखालची आग काही गेली नाही. स्वेटरची शिवण घासली तरी ती श्वास रोखून उभी राहायची. दिलेल्या गोळ्यांनी तिला गरगरायला लागलं आणि एकदा ती वॉशरूममध्ये पडली. शेवटी डॉक्टरच म्हणाले की अगदी थोड्या मात्रेनं गांजा घेऊन बघायला हरकत नाही, काहींना त्यानं झोप लागते. कायद्यानं आता दुकानात मिळतो, तसं एक तेलही आम्ही आणलं. ते तिला इतकं चढलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती भिंतीला धरून चालत होती. पुन्हा दुकानातलं काही घेणार नाही, म्हणाली.

हे सगळं आमच्या शेजाऱ्यांना कळलं ते कुंपणावरून. ते वसईकडचे, ख्रिश्चन, जन्मभर बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त केलेले. आमची दोन्ही घरं एकाच वर्षी घेतलेली. त्यांची बायको कॅन्सरनं गेली, तिच्या शेवटच्या वर्षी तिच्यासाठी त्यांनी ही झाडं लावायला सुरुवात केली, आणि ती गेल्यावरही लावत राहिले. मुलगी विनिपेगला. माझ्या बायकोनं त्यांना आगीबद्दल सांगितलं त्याच संध्याकाळी ते वाळवलेल्या फुलांची एक लहानशी काचेची बरणी घेऊन आले. ती फुलं तुपात कशी उतरवायची, तेही त्यांनीच तिला सांगितलं: आधी ओव्हनमध्ये मंद भाजायचं, मग तुपात मंद आचेवर ठेवायचं आणि गाळून घ्यायचं. पाव चमच्याच्या वर जायचं नाही.

बायको त्या आठवड्यात सलग सहा तास झोपली. सकाळी उठून तिनं स्वतःहून पोहे केले. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण पोहे खाताना ती तीन वेळा त्यांचं नाव घेऊन बोलली, आणि तिसऱ्या वेळी मी उरलेले पोहे तसेच ठेवून उठलो.

पुढच्या वसंतात मी आमची चार झाडं लावली. इथं कायद्यानं दर घरी चारच लावता येतात. टोमॅटोच्या वेलांमागे, मराठी मंडळातलं कोणी आलं तर लगेच दिसू नयेत अशा बेतानं. झाडं उत्तम आली. भिंग घेऊन मी फुलांवरचे राळेचे बारीक दाणे रोज तपासायचो. पारदर्शक दाणे दुधी झाले, काही पिवळसर झाले, तेव्हा सप्टेंबरच्या शेवटी मी ती कापली. शेजाऱ्यांनी त्यांची चार दिवस आधीच कापली होती.

हे चार दिवस माझ्या डोक्यात बसले. त्यांची बरणी तयार व्हायच्या आत माझी तयार व्हायला हवी होती. फांद्या मी खालच्या वॉशरूममध्ये टांगल्या, हीटर लावला, पंखा थेट फांद्यांवर सोडला, डीह्युमिडिफायर चालू केला. तीन दिवसांत फुलं कुरकुरीत. वजन करून बघितलं, जेवढं पाणी जायला हवं तेवढं गेलेलं. मी बरण्या भरून बायकोपुढे ठेवल्या.

तिनं झाकण काढून वास घेतला. मग म्हणाली, "छान वाळलंय."

तिनं ते तुपात उतरवलं, घेतलंही. पण वास ओल्या गवताच्या गंजीसारखा येत होता, तुपालाही आणि तिच्या तोंडालाही. घसा खरवडतो म्हणाली. महिन्याभरानं शेजाऱ्यांनी त्यांची बरणी आणून दिली. तिनं ती उघडली आणि डोळे मिटले. लिंबाची साल आणि काळी मिरी एकत्र कुटावी तसा वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला. माझ्या बरणीपुढे तिनं डोळे मिटले नव्हते. बाकी सगळं मी विसरेन, हे विसरत नाही.

शेजारी ते कसं करतात हे बघायला मी त्यांच्या बेसमेंटमध्ये गेलो, म्हणजे बायकोनंच मला पाठवलं. जिन्याखाली एक अंधारी खोली, त्यात दोऱ्यांवर उलट्या टांगायच्या फांद्या. पंखा भिंतीकडे तोंड करून, म्हणजे हवा नुसती हलत राहील. अठरा डिग्री. दहा-बारा दिवस तसंच ठेवायचं. बारीक काडी वाकायची थांबून टचकन मोडली की फुलं छाटून बरणीत भरायची, तीही गच्च भरायची नाही. मग रोज झाकणं उघडून हवा द्यायची, महिनाभर, कधी दोन महिने. ते याला मुरवणं म्हणत. त्यांच्या लहानपणी घरी राजेळी केळ्यांची सुकेळी करत. दिवसा उन्हात टाकायची, संध्याकाळी टोपलीत गोळा करून झाकायची, म्हणजे आतला ओलावा सालीपाशी येतो, आणि सकाळी पुन्हा उन्हात. आई ते आठ-आठ दिवस करायची, म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की योग्य हवा सोडली तर हेच काम चार दिवसांत होईल.

"होईल की," ते म्हणाले. "पण बाहेरून वाळलं म्हणजे आतून वाळलं असं नाही ना."

हे मला सांगत होते. फार जोरात वाळवलं की बाहेर कवच धरतं आणि पाणी आत कोंडून राहतं, हे मी कारखान्यातल्या नव्या पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं. मला ते माहीत नव्हतं असं नाही. मला घाई होती. आणि घाई कशाची होती हे मी त्यांना सांगू शकत नव्हतो.

त्या वर्षभरात मी फार लहान मनाचा झालो. बायको थालीपीठ लावायची आणि दोन कुंपणापलीकडे द्यायची. तिथं उभी राहून बोलायची. मी स्वयंपाकघरातून बघायचो आणि घड्याळही बघायचो. माझ्याशी ती दिवसभरात बोलायची ते गॅस बंद केला का, दूध संपलं का. बरगडीखालची आग कुठून निघते, कुठं जाते, कशी असते, हे मी तिच्या तोंडून ऐकलं ते त्यांना सांगताना. मी एकदा तिला विचारलंही, की हे तू मला का सांगत नाहीस. ती म्हणाली, तुम्हाला सांगितलं की तुम्ही लगेच काहीतरी करायला उठता. ते नुसतं ऐकतात. मी उठून ड्राइव्हवे झाडत बसलो, तो स्वच्छ असताना.

कोणी म्हणेल सत्तरीच्या माणसाला बायकोबद्दल असला संशय शोभतो का. संशय नव्हता. त्या दोघांत वावगं काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझं दुखणं असं होतं की तिला बरं करणारा माणूस मी नव्हतो.

दुसऱ्या वर्षी मी घाई करायची नाही असं ठरवलं. पण ऑक्टोबरच्या पावसानं माझ्या दोन झाडांच्या फुलांत राखाडी कुज धरली, ती टाकावी लागली. उरलेली दोन मी हळू वाळवली, तरी कुठंतरी धीर सुटला आणि आठव्या दिवशी पंखा वाढवला. पुन्हा तोच गवताचा वास, पहिल्यापेक्षा कमी इतकंच. शेजाऱ्यांची चारही झाडं उशिरा कापूनही सुखरूप आत आली होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी सहा बरण्या भरल्या. त्यातल्या चार बायकोसाठी होत्या, अख्ख्या हिवाळ्याच्या.

बरण्या भरून दोन दिवस झाले आणि विनिपेगहून फोन आला. त्यांच्या मुलीला दिवस भरायच्या आधीच बाळ झालं होतं. ते मिळेल त्या विमानानं निघाले. जाताना आमच्याकडे आले, बाजूच्या दाराची किल्ली आणि एक कागद माझ्या हातात दिला. बायको आत होती. त्यांना ते तिच्याही हाती देता आलं असतं. पण ते म्हणाले, "तुम्हाला यातलं कळतं, म्हणून तुम्हालाच सांगतो."

कागदावर लिहिलं होतं: सकाळ-संध्याकाळ झाकणं उघडायची, दहा मिनिटं. बरण्या हलवायच्या. आतल्या ओलावा मोजायच्या छोट्या मीटरचा आकडा पासष्टच्या वर असेल तर तासभर उघड्या ठेवायच्या.

पहिल्या संध्याकाळी मी गेलो. सहाही झाकणं काढली. वास अजून कच्चा होता, पण त्याखाली ते सगळं आधीच होतं, लिंबू, मिरी, आणखी काहीतरी गोड. मीटर अडुसष्ट दाखवत होता. अडुसष्टचा अर्थ मला चांगला कळत होता. मी दहा मिनिटं उभा राहिलो, झाकणं लावली आणि घरी आलो. तासभर ठेवायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो नाही. संध्याकाळी जाऊ म्हटलं. संध्याकाळी त्या मोसमातला पहिला बर्फ पडायला लागला. बायकोनं विचारलं, बरण्या उघडून आलात का? मी हो म्हणालो. का म्हणालो ते त्या क्षणी मलाही कळलं नाही, पण एकदा म्हटल्यावर रोज तेच म्हणणं सोपं गेलं. मनाशी म्हणायचो, एक दिवसानं काय होतंय. मग, दोन दिवसांनी काय होतंय. मी बरण्या बिघडवत नव्हतो. मी फक्त जात नव्हतो.

सातव्या दिवशी गेलो. पहिल्या बरणीचं झाकण काढलं आणि अमोनियाचा भपकारा आला. फुलांच्या मधे पांढरट लव धरली होती. सहापैकी पाच बरण्या तशा. सहावी अर्धीच भरलेली होती, म्हणून वाचली. मी झाकणं परत लावली. घरी येताना जिन्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते खरं सांगतो: आता या हिवाळ्यात ती माझंच घेईल.

शेजारी दहाव्या दिवशी आले. नातीचे फोटो दाखवले, मग बेसमेंटमध्ये गेले. अर्ध्या तासानं आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या अंगावर कोटही नव्हता. मी रोज उघडत होतो ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, रोज, दोन वेळा. ते खुर्चीत बसले आणि बायकोकडे बघून म्हणाले, "वहिनी, माझाच हात चुकला. ओली भरली मी."

ती त्यांना म्हणाली की असू दे, यांचं आहे ना घरात. मी मान हलवली.

त्या हिवाळ्यात तिनं माझं घेतलं. एका शब्दानं तक्रार केली नाही. तुपात वेलची टाकून बघितली, जायफळ टाकून बघितलं. माझी बरणी फेब्रुवारीतच संपली, त्यांची वाचलेली अर्धी तिनं पुरवून पुरवून वापरली, तीही संपली. मार्चमध्ये ती पुन्हा खुर्चीत बसून झोपायला लागली, कारण आडवं झालं की आग वाढायची. मी तिच्यासाठी दुकानातनं दुसरं एखादं सौम्य आणू का विचारलं, तिनं मानेनं नको म्हटलं. मला हवं होतं ते मिळालं होतं. तिला द्यायला आता दुसऱ्या कोणाकडे काही नव्हतं, आणि माझ्याकडेही नव्हतं.

एप्रिलमध्ये आम्ही फिजिओथेरपीहून घरी येत होतो. मी गाडी चालवत होतो. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बर्फ पडला त्यानंतर चार-पाच दिवस त्यांच्या बाजूच्या दारापाशी पावलं नव्हती. मला ओट्यापाशी उभं राहिलं की ते दार दिसतं."

मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस.

"वाटलं तुम्ही सांगाल."

ड्राइव्हवेत गाडी थांबवल्यावर ती म्हणाली की शेजाऱ्यांनी यंदा झाडं लावायची नाहीत असं ठरवलंय. आणि ते नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. कोविडमध्ये त्यांना वास येईनासा झाला होता, मग तो परत यायला लागला होता; आता त्यांना वाटतंय की तो पुन्हा जायला लागलाय. बरण्या भरताना ओलसर वास यायला हवा होता तो मला आला नाही, असं ते सगळ्यांना सांगत असतात. तपासणीत काही निघालं नाही, तरी त्यांना पटत नाही.

मी गाडीतून उतरलो तो थेट त्यांच्याकडे गेलो. पाय घराकडे वळले असते तर पुन्हा गेलो नसतो, इतकं मला स्वतःबद्दल आता कळलं होतं. ते गॅरेजमध्ये विंटर टायर उतरवत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. पहिल्या संध्याकाळी आलो होतो, मग आलोच नाही, आणि मीटर अडुसष्ट होता हे बघूनही आलो नाही. का, ते त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ती तुमच्या बरणीचं झाकण काढते तेव्हा डोळे मिटते.

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं होतं ते हसतील, किंवा वयाचा मान ठेवून जाऊ द्या म्हणतील. दोन्ही झालं नाही.

"माझी बायको गेली तेव्हा शेवटचे आठ दिवस तिला नुसता वास द्यायचो मी," ते म्हणाले. "खाणं बंद झालं होतं तिचं. आणि मी पाच महिने समजतोय की माझं नाक गेलं." मग म्हणाले, "जा तुम्ही आता."

मी गेलो. त्यानंतर सगळा उन्हाळा ते माझ्याशी बोलले नाहीत. बायकोशी बोलत. जूनमध्ये त्यांच्या बॅकयार्डात रोपं दिसली, चार, आणि मला इतकं हलकं वाटलं की ते वाटणंही मी बायकोपासून लपवलं. बरण्या मुरायला ठेवल्या की कशा उघडायच्या हे तिनं त्यांच्याकडून शिकून घ्यायचं ठरवलं, तसं मला सांगितलं, माझी परवानगी मागितली नाही. मी माझी झाडं लावली नाहीत. चार काय, एकही नाही. लावली असती तर मी पुन्हा तोच झालो असतो.

सप्टेंबरअखेर त्यांचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. आणि हवामानाच्या अंदाजात सलग चार दिवस पाऊस सांगितला होता. फुलं तयार होती, भिजली तर कुजणार. त्यांनी आमच्याकडे फोन केला आणि बायकोला मागितलं. ती लायब्ररीत गेली होती. मी तसं सांगितलं. मग ते म्हणाले, कात्री आणा, धारेची.

ढग भरून आले होते. ते छत्री घेऊन खुर्चीवर बसले आणि कुठून कापायचं ते सांगत राहिले, मोजक्या शब्दांत. मी फांदी कापायचो, मोठी पानं काढायचो, एकेक फांदी बेसमेंटमध्ये नेऊन दोरीवर उलटी टांगायचो. दोन फांद्यांत हात जाईल एवढं अंतर ठेवा, म्हणाले. मी ठेवलं. तीन तास लागले. शेवटची फांदी आत नेईपर्यंत पाऊस सुरू झाला होता. माझी बोटं राळेनं काळी आणि चिकट झाली होती, त्यांनी सिंकपाशी खोबरेल तेलाची बाटली ठेवली आणि बोट दाखवलं. तेल चोळून मी हात धुतले. पंखा भिंतीकडे वळवला, आणि तो किती वेगानं ठेवायचा हे त्यांना विचारलं. सगळ्यात कमी, ते म्हणाले.

आता बायको दिवसाआड तिथं बरण्या उघडायला जाते आणि तासभर बसते. तिला झोप लागते. मी अजूनही ओट्यापाशी उभा राहतो, अजूनही घड्याळ बघतो. जळतं. परवा ती परत आली तेव्हा मी तिला विचारलं, आज आग कशी आहे. ती कोट काढत म्हणाली, आधी ऐकणार का? मी खुर्ची ओढून बसलो, आणि ती सांगत असताना उठलो नाही.